फुलवंताची दंडार आणि दुकानाचा कॉम्प्युटर

गोंदियाजवळच्या गोरेगावात बसस्टँडसमोर भैय्यालालचं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर फुलवंता मडावी बसते. नवरा गेल्यावर ती हे काम शिकली. दंडार हे आमच्या झाडीपट्टीचं नाट्य. त्यात मी जन्मभर तोंडाला रंग लावला, एकेका एन्ट्रीला मांडव दणाणून सोडला! पण भरलेला फॉर्म तपासायला गिऱ्हाइकाकडे स्क्रीन वळवून "पाहा, आपल्या डोळ्यानं पाहा," म्हणणारी ही बाई मला आम्हा सगळ्या नटांपेक्षा मोठी वाटते.

भैय्यालाल गोंदियाचा, हिंदी बोलणारा. पण कॉम्प्युटर त्याला इंग्रजीतच हवा. फुलवंताने त्याला विचारून आपल्यापुरतं वेगळं खातं उघडलं आणि ते मराठीत केलं. तिचं नाव निवडलं की सगळा पडदा मराठी, मालकाचं निवडलं की इंग्रजी. भाषांच्या यादीत तिने गोंडीही शोधली. नव्हती. मग मराठीच्याच अक्षरांत ती गोंडी लिहू लागली, तर शब्दाशब्दाखाली लाल रेघ.

"पाहा मामाजी, माह्या मायची बोली याले चूकच वाटून राह्यली."

"वाटू दे. तू लिही."

ती दंडार लिहीत होती. दिवाळीनंतर तिच्या गावात मंडई, म्हणजे जत्रा भरते, तिथे करायची होती. जंगलातून मोळी आणणारी म्हातारी गोंडीत बोलते, तिला अडवणारा गार्ड मराठीत. गार्ड मी! दुपारी दुकान रिकामं असलं की ती वाचायची आणि मी ऐकून पाठ करायचो. तालमीचा नारळ फुटेपर्यंत दंडारीचा कागद बाहेर काढायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. म्हणून तिने ती छापली नव्हती. जे होतं ते त्या मराठी खात्यात.

दसऱ्याच्या सुमारास कॉम्प्युटर अडकायला लागला. फुलवंता सौंदडला बहिणीकडे गेली होती, तेव्हा भैय्यालालने गोंदियाहून मेकॅनिक बोलावला. ती परतली तर पडद्यावर एकच नाव. मालकाचं.

"माह्यं खातं काऊन काढलं?"

"अरे, मेकॅनिक बोला, सब मराठी में है, कुछ समझता नहीं। मैंने कहा, उड़ा दो।"

"त्यात माही दंडार होती."

"तो फिर से लिख लो ना! तुम्हारी ही तो भाषा है।"

मला राहवेना. म्हटलं, "बाई, मला सगळं पाठ आहे. मी बोलतो, तू लिही." आणि दुकानाच्या पायरीवरच उभा राहिलो.

"ए म्हातारे! मोळी खाली ठेव! जंगल काय तुझ्या बापाचं आहे?"

एक शब्द चुकला नाही. चहावाले जमले, कुणी शिटी मारली.

"मंग म्हातारी का म्हनते?" फुलवंताने विचारलं.

मला गोंडी येत नाही. तिचा आवाज थांबला की आपली पाळी, एवढंच मी धरलं होतं. तिने स्वतः दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. पुन्हा लिहिल्या.

"अशी नोती म्हनत ते म्हातारी," ती पुटपुटली.

मी गार्डाचं पुढचं वाक्य म्हणणार होतो. तिने हात वर केला.

"राहू द्या, मामाजी. गार्डाचंच तेवढं उरलं म्हना की."

आणि त्या इंग्रजी पडद्यावर तिने पुढच्या गिऱ्हाइकाचं काम उघडलं. स्क्रीन त्याच्याकडे वळवली नाही.