चेहरे तपासणाऱ्या शैलामावशी

शैलामावशी पहिल्यांदा आमच्या अमेरिकेतल्या, प्लेनोच्या घरी आल्या, त्या नमस्कार-चमत्कार सोडून थेट माझ्या नवऱ्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि वरून त्याच्या तोंडाकडे वाकून बघू लागल्या. "डावं गालाचं हाड बसलंय तुझं. बॉल लागला होता काय रे?" लागला होता म्हणे, कॉलेजात! इतकी वर्षं संसार केला, मला पत्ता नाही.

मावशी मूळच्या नागपूरच्या, इथल्या हॉस्पिटलात चेहऱ्याच्या जखमांच्या सर्जन. आता त्या या जगात नाहीत. पॉटलकच्या जेवणाला कोणी "पडलो, तोंडावर लागलं" म्हटलं, की ताट बाजूला ठेवून सुरू व्हायच्या, "दात पहिल्यासारखे बसून राहिले काय? गाल बधिर वाटते? एकाचे दोन दिसतात?" मी चिडवायचे, "मावशी, जेवू द्या की त्याला!" त्यावर ठरलेलं उत्तर, "सुजेवर जाऊ नको बाई. सूज नुसती बोंब मारते."

एका गणपतीत हॉलमध्ये लेझमीची प्रॅक्टिस चालली होती. आमच्या नऊ वर्षांच्या ईशाच्या डोळ्यावर मैत्रिणीचं कोपर बसलं. डोळा लाल नाही, सूज नाही. पण थोड्या वेळाने पोरगी ओकायला लागली. "मोदक बाधले," एक काकू म्हणाल्या. मलाही पटलं, चांगले हादडले होते तिने. मी आल्याचा रस शोधायला निघाले, तोवर मावशींनी तिची हनुवटी धरली होती.

"मान हलवू नको. बोटाकडे बघ. वर."

उजवा डोळा वर गेला. डावा जागचा हलेना. "आय कान्ट, मावशी," म्हणत ईशा रडायला लागली.

"डोळ्याखालचं हाड चिरलंय. लहान लेकरांचं हाड उघडून परत मिटते, त्यात स्नायू अडकलाय, म्हणून ओकते," मावशी गाडीची किल्ली काढत म्हणाल्या. "आजच सोडवला नाही तर डोळा असाच राहील. चल! पाणीसुद्धा देऊ नको तिला."

गाडीत ईशाला कुशीत धरून मी विचारलं, "नीट होईल ना हो?"

"मी आहे ना!" एवढंच म्हणून त्या ड्राइव्ह करत राहिल्या.

ऑपरेशन त्यांनीच केलं. सकाळी येऊन पुन्हा बोट वर नेलं. डावा डोळा जरा रेंगाळला, पण गेला वर. मी देवाला हात जोडले. वळून बघते तर मावशी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ढसाढसा रडत होत्या.

"अहो मावशी, आता काय झालं?"

"काही नाही गं. काल मी किती घाबरून राहिली होती, ते तुला कळलं नाही ना? बस, तेवढंच पाहिजे होतं."