जमालातची उन्हाची रोटी

आमच्या मतरियात सूर्याचा मान फार जुना. आज जिथे कैरोची मेट्रो थांबते, तिथेच फराव राजांच्या काळी सूर्याचे नगर होते. पण रोटीच्या बाबतीत आमची मान खाली. गल्लीत सांगत, सय्यदा मरियम बाळ ईसाला, येशूला, उराशी धरून इथे आली, दारोदारी तिने रोटी मागितली आणि एकाही दाराने दिली नाही. तेव्हापासून मतरियात पीठ फुगत नाही. म्हणून आमची गल्ली रोटी बाहेरून आणी आणि खाली मान घालून खाई.

अशा गल्लीत जमालातने भट्टी लावली! नाईलच्या वरच्या अंगाला, केनाच्या बाजूला तिचे माहेर. तिकडच्या बाया पीठ मळून मातीच्या थाळ्यांवर ठेवतात, गच्चीवर उन्हात झाकतात. ऊनच त्याला फुगवते. नवऱ्यामागे तिला हाच एक आधार होता.

भट्टीची खोली मात्र दिराची. हाज शहाताने स्पष्ट सांगितले, "वहिनी, मोबाइलवाला दुकानासाठी जागा मागत दाराशी उभा आहे. गुरुवारी तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजापर्यंत पीठ फुगलं तर खोली तुमची. नाही तर त्याची."

"चालेल, भावजी. किल्ली घेऊनच या."

मंगळवारी तिने पहिले पीठ ठेवले. तूबा महिन्याची, ऐन जानेवारीतली थंडी होती. दुपारी कापड काढले, तर गोळे जसेच्या तसे, चपटे! शेजारीण वहीबची आई, चर्चमध्ये रोज मेणबत्ती लावणारी बाई, छातीवर क्रूस काढून म्हणाली, "शाप गं बाई, शाप!"

जमालात खाली वाकली. प्रत्येक गोळ्यावर बोटाचा खड्डा होता. कुठे दोन, कुठे तीन. फुगले का, फुगले का, म्हणत गल्लीतल्या साऱ्या बाया आळीपाळीने जिना चढल्या होत्या. कापड उचलून, बोट खुपसून, मान हलवत उतरल्या होत्या. थंड वारा शिरला, ऊब निघून गेली. जमालात रडली नाही. ती हसली.

गुरुवारी सकाळी पीठ झाकून तिने स्वतःच सगळ्यांना वर बोलावले. प्रत्येकीच्या दोन्ही हातांत चहाचा ऊन पेला दिला आणि स्वतः थाळ्यांपुढे मांडी घालून बसली.

"तो बघा खांब," ती म्हणाली. गच्चीवरून सूर्यनगराचा लाल दगडी स्तंभ दिसत होता. "चार हजार वर्षं एका पायावर उभा आहे. दगड कुठला? अस्वानचा, माझ्याच बाजूचा. होडीतून आला. तुम्ही आम्हा वरच्या मुलखातल्यांना अडाणी म्हणून हसता ना? तुमच्या गावातला सगळ्यात जुना रहिवासी आमच्याकडचाच आहे!"

बाया हसल्या. एक हात हळूच कापडाकडे सरकला. जमालातने त्यात दुसरा पेला ठेवला आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या मरियमच्या झाडाची कथा धरली. ते वाकडे, टेकू दिलेले खोड. त्याच्या सावलीत थकलेली माता कशी टेकली. विहिरीवर तिने बाळाचे कपडे कसे धुतले. ते पाणी जिथे सांडले तिथे सुगंधी बलसानची बाग कशी उठली. ऊन डोक्यावर आले, कलले. पेले गार झाले, पण कोणी जागचे हलले नाही.

वहीबची आईच शेवटी म्हणाली, "सगळं खरं. पण शापही खराच ना?"

"अगं, जिथं तहान भागली, जिथं लेकराचे कपडे वाळले, तिथं ती माउली शाप ठेवून जाईल? धुतल्या पाण्यानं बाग उठवली तिनं! ती आई आहे, घरमालक नव्हे."

जिन्यात कोणी तरी खाकरले. हाज शहाता वर आला होता, हातात किल्ली घेऊन. खाली मशिदीतून असरची अजान सुरू झाली.

"उचल," जमालात वहीबच्या आईला म्हणाली. "आता तूच उचल."

तिने भीत भीत कापड उचलले. थाळी-थाळीवर गोळे वर आले होते, गुबगुबीत, तुकतुकीत, जणू नुकतेच न्हाऊन निजलेले. बायांनी जीभ हलवत आनंदाची अशी एकच किलकारी मारली की गल्लीतली कबुतरे उडाली.

भट्टीतून पहिली रोटी निघताच शहाताने हात पुढे केला. जमालातने ती पदराखाली घेतली.

"ही नाही, भावजी. मरियम दारी आली त्या दिवशीची एक द्यायची राहिली आहे."

ती जिना उतरली. मरियमच्या झाडाच्या कुंपणाच्या फाटकाशी सुदानहून आलेली एक बाई तान्ह्याला घेऊन भिंतीच्या आडोशाला बसली होती. कोण, कुठली, जमालातने विचारले नाही. वाफाळती रोटी तिच्या हातात ठेवली आणि परतली.

शहाता दुसरी रोटी खात होता. खोलीची किल्ली त्याने मातीच्या रिकाम्या थाळीत ठेवली होती.

आज आमची गल्ली आपलीच रोटी खाते. पण पहिली रोटी अजूनही फाटकाकडे जाते, आणि ती गेल्याशिवाय जमालात दुसरीला हात लावत नाही.