पखवाजाची कणीक

लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले आणि पहिल्याच गुरुवारच्या भजनात मी पखवाज वाजवणाऱ्या सासऱ्यांची फजिती केली. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापतात, त्याशिवाय घुमारा येत नाही. मी आपली चपात्यांचीच कणीक दिली, चांगली तेल घातलेली. ऐन गजरात गोळा सुटला आणि त्यांच्या मांडीवर येऊन बसला. भजनी मंडळी हसून बेजार. सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी जवळ बसवून नुसत्या पाण्यात कणीक कशी तिंबायची ते दाखवलं. तेव्हापासून ते काम माझं.

चाळीचा टॉवर झाला आणि त्याच वर्षी अर्धांगाने सासऱ्यांचा डावा हात गेला. आता पखवाज वाजवणार कोण? सोसायटीच्या सेक्रेटरीने तोडगा काढला. लॉबीत काचेचं कपाट करू, आत पखवाज ठेवू, वर पाटी लावू, वारसा जपायला हवा ना वहिनी. गुरुवारी भजनं स्पीकरवर लावू. सासरे भिंतीकडे तोंड करून झोपले. माझं डोकंच फिरलं. अरे, वाद्य वाजलं नाही तर त्याचं कातडं सुकून तडकतं. काचेत ठेवून जपणार काय, कप्पाळ? गणपतीपर्यंत थांब म्हटलं त्याला, आणि तो जाताच पखवाज मांडीशी ओढला.

चार महिने दुपारची भांडी आटपली की सासरे खाटेवरून बोल म्हणायचे आणि मी वाजवायचे. बोटं सुजली. शेजारीण म्हणाली, या वयात हे काय खूळ? म्हटलं, खूळ तर खूळ. पुढच्या आठवड्यात तीच टाळ घेऊन हजर.

गणपतीत लॉबीतच भजन ठेवलं, पखवाजाला मी. सासऱ्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. दुसरा अभंग सुरू झाला तसा त्यांनी उजवा हात वर केला. सगळे थांबले.

"कणीक वायच जास्त झाली," ते म्हणाले. "काढ."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या कणकेला कधी नावं ठेवली नव्हती. कमीजास्त असली तर स्वतःच सारखी करून घ्यायचे. असं चारचौघांत टोकायचे ते फक्त आपल्या हाताखाली शिकणाऱ्यांना. मी चिमूटभर काढली. खरं सांगते, लग्नात मिरवले नसेन एवढी त्या क्षणी मनात मिरवले.

काचेचं कपाट आलंय. त्यात सोसायटीचे क्रिकेटचे कप आहेत. पखवाज आमच्या घरी असतो. गुरुवारची कणीक आता शेजारीण तिंबते, आणि जास्त झाली की मी तिला टोकते.