आयेने मला दिले तेव्हा

तुमच्या घरात वाढणारे मूल कायद्याने तुमचे आहे का, असे कुणी विचारले तर काय सांगाल? "आमच्यातच जेवते" हे उत्तर पुरत नाही, हे मला अकराव्या वर्षी कळले.

माझे वडील मी पाळण्यात असताना गेले. पुढे आयेने मालवणजवळच्या एका तांडेलाशी, म्हणजे होडीच्या म्होरक्याशी, दुसरे लग्न केले आणि मला कडेवर घेऊन ती त्याच्या घरी आली. त्याला मूलबाळ नव्हते. मासळीतला चांगला तुकडा माझ्या ताटात पडायचा.

एका पावसाळ्यात आये तापाने अंथरुणाला खिळली. तांडेलाचा भाऊ ओट्यावर बसून मला सहज म्हणाला, "आये आसा तोवर तू हंय. मगे तुझ्या चुलत्यांकडे जा."

मला रडू आले नाही. हे खरे आहे का, हे मात्र शोधायचे होते.

आये बरी झाली. वाचनालयात येणारे एकही पत्रक मी सोडत नसे. एकात छापले होते की नव्या कायद्याने मुलगीही दत्तक घेता येते. ते मी घरी मोठ्याने वाचले.

"चेडवाक खंय दत्तक घेतत?" आये मासे कापता कापता म्हणाली. "घेतत तो झील." झील म्हणजे मुलगा.

"परत वाच गो," तांडेल म्हणाला.

पावसाळा सरून होड्या समुद्रात लोटायच्या आधी त्याने दत्तकविधीसाठी भटजींना बोलावले. दत्तकाला मांडीवर बसवतात. मी उंच, तो किरकोळ अंगाचा.

"मांडी मोडतली रे तुझी," शेजारीण म्हणाली.

"मोरीसारखो मोठो मासो उचलतंय मी. ह्या चेडू काय जड?"

मी बसले तेव्हा माझे पाय जमिनीला टेकत होते. गूळ वाटून झाला आणि आम्ही कागद करायला मालवणच्या वकिलांकडे गेलो. तांडेलाला स्वतःची मुलगी आहे का, मी पंधराच्या आत आहे का, आमच्या वयात किमान एकवीस वर्षांचे अंतर आहे का, हे सगळे त्यांनी विचारले. सगळे जुळले.

"मुलगी घेतली कुणी?"

"आमी दोघांनी," तांडेल म्हणाला.

"मग दिली कुणी?"

पूजेला बायको नवऱ्याशेजारी बसते, तशीच भटजींनी आयेला बसवली होती. समोरची, देणाऱ्याची जागा रिकामीच होती.

"दिवक कशाक व्हयी?" आये म्हणाली. "चेडू माझाच आसा."

"म्हणून तर तुम्हीच द्यायची, बाई. बाप नाही, तेव्हा हा हक्क आईचा. चुलत्यांचा नाही. न देता घेतलेली मुलगी नुसत्या कागदाने कोर्टात टिकणार नाही."

मी विचारले, "आयेने मला दिलं, तर ती माझी आये राहणार नाही?"

ते हसले. "घेणाऱ्याची बायको तीच दत्तकाची आई. देऊनही तीच."

परतीच्या वाटेवर मी याच कोड्यात होते.

दुसऱ्यांदा भटजी आले तेव्हा कुरकुरले, "बाईने एकटीने कसं द्यायचं? मामाला बसवू."

"कायद्यान माका सांगल्यान आसा," म्हणत आये नवऱ्याशेजारून उठली आणि समोर एकटी बसली. तिने माझे मनगट धरून त्याच्या हातात दिले. पण बोटे काही सुटेनात.

"सोड गो," तांडेल हळूच म्हणाला.

"सोडतंय."

मग तिने सोडले, आणि उठून पुन्हा त्याच्या शेजारी, माझ्याजवळ येऊन बसली. कागद त्यानंतर झाला. तांडेलाच्या भावाने गूळ घेतला आणि तो निघून गेला.

तुमच्याही घरात बायकोचे पहिल्या लग्नाचे, बाप गेलेले मूल वाढत असेल, तर लाडावर विसंबून राहू नका. येत्या बाजाराला तालुक्याला जाल तेव्हा वकिलाची पायरी चढा, आणि परत आल्यावर त्याच्या आईला, चारचौघांसमोर, देणाऱ्याच्या जागेवर बसवा.