मोहरीएवढा रातबगळा

रातबगळा आधी तिला दिसला. नेहमी तिलाच दिसायचा. गुडघ्यामुळं तिला पुढं चालवत नव्हतं, म्हणून ती तळ्याकाठच्या सिमेंटच्या बाकावर बसायची. आणि मी शेजारी उभा राहून, डोळ्याला कॅमेरा लावून, आंधळा भिंत चाचपतो तशी झाडं चाचपत असायचो.

"अहो, तिकडं नाही. पाण्यात पडलेलं वाळकं झाड दिसतंय काय? त्याच्या मागं करंज आहे. करंजाला दोन फांद्या फुटल्यात, तिथनं स्वल्प खाली या. राखाडी गोळा आहे बघा."

"पान आहे ते."

"पान असं बसतंय होय? नीट बघा. तुमच्या थोरल्या भावासारखा मान पोटात घालून बसलाय."

मग मला दिसला. फोटो काढला आणि कॅमेऱ्यामागच्या काचेवर तिला दाखवला. तिनं चष्मा वर केला, काच नाकाजवळ नेली आणि म्हणाली, "ही मोहरी कशाला काढली?"

मी म्हटलं, आपली लेन्स आखूड आहे, लांबची घ्यायला पाहिजे, मग चोचीवरचं पाणीसुद्धा दिसंल. ती म्हणाली, "आधी पक्षी दिसू दे, मग चोच बघा. डोळ्याला दिसत नाही त्याला लेन्स काय करणार?" यावरनं घरापर्यंत भांडत आलो. घरी उप्पीट खाल्लं. दुपारी "जरा पडते" म्हणून ती आत गेली. चहाच्या वेळी मी हाक मारली तर उठली नाही.

बायको गेली, एवढंच मला लिहिता येतं. बाकीचं शिकलेल्या लोकांनी लिहावं.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. निपाणीकडनं पोटासाठी बेंगळूरला आलो आणि बोम्मसंद्र्यातल्या कारखान्यात पॅकिंगला लागलो. रिटायर होईपर्यंत खोकी बांधली. कॅमेरा पोराचा. त्यानं हौसेनं घेतला, महिनाभर मिरवला, कंटाळा आल्यावर "अप्पा, तुम्ही वापरा" म्हणून माझ्या गळ्यात घातला. ही पोरं जुनी वस्तू टाकत नाहीत, आईबापाला देतात.

तळ्यावर सुट्टीच्या दिवशी फोटोवाल्यांची टोळी येते. मूळची पुण्याची, नागपूरची, इथं नोकरीला आलेली, सगळी कंप्युटरवाली. पक्ष्यांनी ओळखू नये म्हणून अंगात पानापानांचे कपडे, डोक्यावर पानाची टोपी, लेन्सलासुद्धा पानाचा झबला. आणि तोंड मात्र सारखं चालू. पक्ष्यांना काय नुसते डोळेच असतात, कान नसतात? आल्यापासून एकमेकांच्या लेन्सा हातात घेऊन वजन करतात, बाजारात भोपळा बघतात तसं. तेवढ्यात पक्षी येतो, बसतो, मासा खातो, उडून जातो. मग त्यातला एक म्हणतो, "अरे यार, मिस झाला." मिस कसला, तुम्ही बघितलाच कधी?

त्यांचा पुढारी पुण्याचा. पोट पानांतनं बाहेर आलेला. हिच्यादेखत एकदा मला म्हणाला, "काका, तुमच्याकडे रीच नाही."

मी म्हटलं, "रिच असतो तर फुकटच्या तळ्यावर कशाला आलो असतो? तू रिच आहेस, तुझ्या घरी ठेव."

ही घरी येईपर्यंत हसत होती, बरी जिरवलीत म्हणाली. पुढं पोराकडनं कळलं की रीच म्हणजे लेन्स किती लांबचं ओढते ते. श्रीमंतीचा काही संबंध नाही. मी म्हटलं, संबंध कसा नाही? त्या लेन्सेची किंमत ऐकलीस काय?

ही गेल्यावर तीच टोळी घरी आली. बूट दाराबाहेर काढले, एवढी अक्कल होती. पुढारी खुर्चीच्या काठावर बसून म्हणाला, "काका, हॉबी कंटिन्यू करा. मन रमेल." दुसरा म्हणाला, "लेन्स अपग्रेड करा, काका. नवीन गिअर आला की मोटिव्हेशन येतं." आमच्याकडं माणूस गेल्यावर लोक भाकरी-पिठलं घेऊन येतात. हे लेन्सेची नावं घेऊन आले. जाताना एकानं फोनवर यादीसुद्धा पाठवली. शेजारची अक्का रोज डबा देऊन न बोलता जायची, तिच्यापुढं ही शिकलेली माणसं म्हणजे नुसती बडबड.

दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. पोरगा महादेवपुऱ्याला राहतो, तिकडं चला म्हणाला. मी नको म्हटलं. मग रविवारी गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "अप्पा, चला, लेन्स बघायला जाऊ."

मी गेलो. हे खरं सांगायला पाहिजे. त्या टोळीला शिव्या घालणारा मी, मलाही ती लेन्स पाहिजे होती. रातबगळा मोहरीएवढा आला होता, तो मोठा करायचा होता. तेवढंच एक भांडण अर्धं राहिलं होतं.

दुकान थंडगार. काचेच्या कपाटात लेन्सा अशा मांडलेल्या की सोनाराचं दुकान वाटावं. दुकानदार कन्नडिगा, गोड बोलणारा. "बन्नी सर, बन्नी" म्हणून आत बोलावलं आणि पोराकडं बघून बोलायला लागला. लेन्स मला पाहिजे होती, पण पैसे पोराच्या खिशात, म्हणून मान तिकडं. त्यानं सगळ्यात मोठी काढून कॅमेऱ्याला जोडली. हातात घेतली तर माझ्या दंडापेक्षा जाड.

"दारात उभं राहून बघा सर. समोरच्या बिल्डिंगवर पारवा आहे."

मी डोळ्याला लावली.

पोरगा म्हणाला, "काय दिसतंय?"

"निळं."

"निळं काय?"

"नुसतं निळं."

जरा हलवली तर पांढरं. अजून हलवली तर एक काळी तार, दोरखंडाएवढी. लेन्स लांब झाली की बघायची जागा सुईच्या भोकाएवढी होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या यादीतही नव्हतं.

"अप्पा, लेफ्टला. लेफ्टला. अहो तुमच्या नाही, बिल्डिंगच्या लेफ्टला."

"बिल्डिंगला डावा-उजवा हात असतो काय?"

दुकानदार म्हणाला, "सर, टू ओ क्लॉक."

"दोन वाजता येणार काय तो पारवा?"

"नाही सर, डायरेक्शन, टू ओ क्लॉक डायरेक्शन."

दुकानातला आणखी एक जण मधे पडला. तिघं मिळून बोटं दाखवायला लागले. माझा डोळा लेन्सेत, मला त्यांची बोटं कशी दिसणार? तिकडं, तिकडं, वर, त्या तिथं! तिघांच्या पगाराची बेरीज केली तर एक बिल्डिंग होईल, पण एक पारवा सांगता येईना. माझ्या बायकोला सहीसुद्धा धड येत नव्हती. ती आधी डोळ्यात भरणारी वस्तू सांगायची, मोठं झाड, खांब, टाकी. ते मला सापडलं का हे विचारायची. मग तिथनं बोट धरून नेल्यासारखी पुढं न्यायची.

मी लेन्स खाली केली. खांदा भरून आला होता.

दुकानदारानं दुसरी काढली. "ही घ्या सर, झूम. आधी आखूड ठेवून पक्षी शोधायचा, मग लांब करायची. सगळे हीच नेतात."

"आणि आखूड ठेवूनही दिसला नाही तर?"

तो हसला. "मग पक्षी नाही सर तिथं."

"पक्षी असतो," मी म्हटलं. "रोज असतो."

माझा आवाज जरा चढला असावा. पोरानं कार्ड काढलं होतं, ते हातातच राहिलं. म्हणाला, "मग हीच पॅक करू या ना, अप्पा? सवय होईल."

"नको."

"मोठी पाहिजे?"

"कुठलीच नको. चल."

पोरानं गाडी काढली. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "आईनंच सांगितलं होतं मला. त्या दिवशी. जेवायच्या आधी फोन केला होता तिनं."

"काय सांगितलं होतं?"

"म्हणाली, तुझ्या बापाला मोठी लेन्स घेऊन दे. तसंही त्याला काही दिसत नाही, निदान जे दिसत नाही ते मोठं तरी दिसू दे."

हे तिचंच बोलणं. असलं खोटं रचायला पोराची अक्कल पुरायची नाही. मला राग आला. घरापर्यंत माझ्याशी भांडत आली, लेन्स काय करणार म्हणाली, आणि आत जाऊन गुपचूप पोराला फोन. मी म्हटलं, "तिला काय कळत होतं लेन्सेतलं?"

"काही नाही," पोरगा म्हणाला. "मलाही नाही कळत. पण तिनं सांगितलं होतं म्हणून मी रविवार काढून आलो. तुम्ही सगळ्यांसमोर माझी लाज काढली."

"तुझी नाही, पारव्याची काढली."

तो हसला नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून म्हणाला, "मग कधी घ्यायची? तेवढं सांगा."

"आधी मला बघता येऊ दे. मग कुठली ते मी सांगतो."

"बघायला काय शिकायचं असतं, अप्पा?"

"तू शीक जा," म्हटलं आणि उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा कपाटात ठेवला आणि मोकळ्या हातानं तळ्यावर गेलो. सोमवार, त्यामुळं टोळी नव्हती, एवढं बरं. तिच्या बाकावर बसलो. इतकी वर्षं मी तिथं उभाच राहिलो होतो, बसलो कधी नव्हतो. बसल्यावर फांद्यांच्या खालनं पलीकडचा काठ दिसतो, हे तेव्हा कळलं. वाळकं झाड सापडलं. करंज सापडला. दोन फांद्या फुटल्यात तिथनं खाली आलो. गोळा नव्हता. मग काठानं काठानं डोळा नेला. लव्हाळ्यात पांढरं काहीतरी उभं होतं. बगळा, म्हटलं, सापडला. बराच वेळ बघत राहिलो, एवढा वेळ बगळा कसा हलत नाही म्हणून. वारा आला तसा तो फुगला आणि त्याच्या पोटावर कुठल्यातरी कापड दुकानाचं नाव दिसलं. पिशवी.

मी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला आणि पिशवीच्या बाजूचं गवत बघायला लागलो.