आबांचे डोळे आणि माझी दोन बोटं

माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कडबाकुट्टीच्या मशीननं नेलं, त्याला बरीच वर्षं झाली. त्याच हातानं मी गाईंच्या धारा काढते, भाकरी थापते, वस्तीवर स्कूटी फिरवते. कुणाला त्याचं नवल नाही. पण लायसन नव्हतं. म्हणून सोनईला डेअरीवर दूध घालायला माझे सासरे, आबा, गाडी चालवायचे आणि मी मागं बसायची.

आमचे आबा म्हणजे देवमाणूस, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशनचं नाव काढलं की, "मला समदं दिसतंय," म्हणून अंगावर यायचे. दिसतंय कसलं, डोंबल! मागून मीच ओरडायची, "आबा, गतिरोधक! आबा, म्हैस!" एकदा उसाच्या ट्रॉलीला इतके घासून गेलो की उसाचं पाचट माझ्या पदराला अडकून घरापर्यंत आलं. त्याच दिवशी नवऱ्याला निक्षून सांगितलं, मी लायसन काढणार. असं मरायचं नाही मला.

चाळिशी उलटली की लायसनला डॉक्टरचा दाखला लागतो. आबांच्या लायसनची मुदतही संपत आली होती, त्यांनाही दाखला हवा होता. दोघं एकाच दवाखान्यात गेलो.

डॉक्टर मोबाईलवर कुणाशी तरी प्लॉटचं बोलत होते. बोलता बोलताच आबांचा कागद ओढला, सही केली, शिक्का हाणला. मान वर केली असेल तर शपथ! अक्षरांचा तक्ता भिंतीवर धूळ खात होता. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!

मग मी माझा कागद ठेवला आणि नेमका तोच हात पुढं आला. मोबाईल खाली गेला.

"बोटं कुठंयत?"

"कुट्टीत गेली."

"मग गाडी कशी चालवणार? दाखला मिळायचा नाही."

"ब्रेक या दोन बोटांनी दाबते, सायेब. बाहेर गाडी हाय, चालवून दाखवते."

"बाई, काही नियम असतात."

नियम! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हटलं, "मग आमच्या आबांना तेवढा तक्ता वाचायला लावा की."

आबा बिचारे वळले, ते कॅलेंडरकडं. आणि सवयीनं मलाच हळू आवाजात विचारलं, "काय लिवलंय गं?"

डॉक्टरांनी ते ऐकलं. चांगलं ऐकलं. म्हणाले, "त्यांचं झालंय. पुढचा पेशंट पाठवा."

बाहेर आल्यावर आबांनी चावी माझ्या हातात ठेवली. वस्तीबाहेर आजवर कधी दिली नव्हती. मी गाडी काढली, आणि खोटं कशाला बोलू, झकास चालवली. रिकामी कॅन पायाशी होती, तीसुद्धा वाजली नाही.

फाट्यावर हवालदारानं हात केला. लायसन मागितलं. आबांनी मागून आपलं जुनं पुढं केलं. त्यानं ते उलटसुलट पाहिलं, मग हँडलवरचा माझा हात पाहिला.

"बाबा, तुमच्याकडं लायसन असताना हिच्या हातात गाडी देता? जीव जड झालाय का? उतरा बाई. बाबा, तुम्ही चालवा."

मी उतरले, मागं बसले. काय करणार? आबांनी हँडल धरलं. हवालदार अजून बघत होता, म्हणून मान न वळवताच त्यांनी विचारलं, "मोकळा हाय का गं रस्ता?"