दाविदभाऊंची राखण

दाविदभाऊ गेल्याची बातमी मला खांडबाऱ्याच्या बाजारात, मिठाच्या ढिगासमोर उभा असताना कळली. मीठवाल्याने तागडी हातात तशीच धरून विचारलं, "मास्तर, तुम्ही आठे कसा? दाविदभाऊले माटी देवाले गयात नहीत का?" सगळ्या बाजाराला ठाऊक होतं, मला नव्हतं. त्यात नवल काही नाही. तीन महिने मी त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्याच हट्टामुळे. मीठ न घेताच मी निघालो. कबरस्तानात पोचलो तेव्हा चार माणसं पहार-कुदळ घेऊन नुसती उभी होती. कुठे खणायचं ते कुणालाच सांगता येईना. कुठली जागा मोकळी आणि कुठल्या जागी जुनी माती आहे, हे आजवर दाविदभाऊच सांगत आले होते… शेवटी चिंचेच्या झाडाच्या बाजूची जागा मी दाखवली, चुकत तर नाही ना अशा भीतीने.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. दाविदभाऊ म्हणजे मोठा माणूस नव्हे. मिशनच्या आवारातले माळी, आणि कबरस्तानाची राखणही त्यांच्याकडे. मूळ नंदुरबारकडचे, तरुणपणी बाप्तिस्मा घेऊन या डोंगराकडेच्या मुलखात आले आणि इथलेच झाले. अक्षरओळख बेताची, ती पुढे मीच करून दिली. अक्षरं लिहायचे ती उजवीकडे कलणारी, जणू सगळी नावं गाडी पकडायला निघाली आहेत. मी त्यावरून चिडवायचो, तर म्हणायचे, "मास्तर, लाकूड वाकडं ते अक्षर वाकडं." आमच्याकडे दगडाची कबर बांधणं कुणाला परवडणार? सागाचा क्रूस, त्यावर डांबराने लिहिलेलं नाव, बस. तीन-चार वर्षांत वाळवी तो खाते. दर ईस्टरच्या आधी दाविदभाऊ सगळं कबरस्तान फिरून खाल्लेले क्रूस बदलायचे आणि नावं पुन्हा लिहायचे. पहाटे मंडळी गाणी गात यायची तेव्हा डांबराचा वास अजून गेलेला नसायचा. पुनरुत्थानाचा सण म्हटलं की माझ्या नाकात आजही तोच वास येतो.

मानमोडीच्या तापाच्या साली माझी बायको रूथ गेली. आम्ही नगरकडचे. शाळेसाठी इथे येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्या दिवसांत माणसं अशी भराभर जात होती की रडायलाही कुणाला सवड नव्हती. रूथ गेली त्याच दिवशी एक अनोळखी बाई गेली. स्टेशनवर गाडीतून उतरली ती तापातच, लोकांनी उचलून मिशनच्या दवाखान्यात आणली. नाव-गाव सांगण्याआधीच तिने डोळे मिटले. दोघींना शेजारी शेजारी माती दिली. रूथच्या क्रुसावर नाव होतं, त्या बाईचा कोरा. पुढच्या वर्षी मी सुट्टीत नगरला असताना नाल्याला पूर आला, कबरस्तानावरून पाणी गेलं. परतलो तेव्हा गाळ काढलेला, मातीचे उंचवटे पुन्हा रचलेले, सगळे क्रूस जागच्या जागी. मी दाविदभाऊंचे हात धरून आभार मानले. त्यांनी हात सोडवून घेतले आणि फावडं उचललं.

त्यानंतर वीस वर्षं, दर रविवारी दुपारी उपासना आणि जेवण झालं की मी रूथजवळ जाऊन बसत असे. दुसरं लग्न केलं नाही. तिच्या माहेरचं कुणी इथे कधी आलं नाही. शाळेत काय झालं, कुणाचा मुलगा नापास झाला, कुडाला किती पेंढा लागला, हे मी त्या मातीला सांगत असे. पाळकसाहेब व्यासपीठावरून सार्वकालिक जीवनाबद्दल बोलत, मी मान डोलावत असे. पण खरं सांगायचं तर माझा सगळा विश्वास त्या चार हात जमिनीत मावत होता.

…आणि तीच जमीन दाविदभाऊंनी माझ्या पायांखालून काढून घेतली. दोन पावसाळे त्यांचा खोकला हटत नव्हता. निरोप पाठवून बोलावलं म्हणून गेलो. भिंतीला टेकून बसले होते, त्यांची बायको मार्थाबाई चुलीपाशी. मला जवळ बसवलं आणि म्हणाले, "मास्तर, पानी आनं तवय सगळं सपाट व्हई गयं व्हतं. मी आठवी आठवी क्रूस लायात. तुमन्या बाईना… माले खरंखुरं आठवे ना. ती बाजूनी माटीबी ऱ्हाई शकस."

मी विचारलं, वीस वर्षं का सांगितलं नाही? ते म्हणाले, "तुम्ही मन्हा हात धरात ना, तवय धीर नही व्हयना. पन देवले ठाऊक शे. देव काय पाटी वाचीसन उठाडस का?" पुढे आणखी काही सांगायला त्यांनी हात वर केला. मी थांबलो नाही. "देवाला ठाऊक असेल, मला नाही ना," एवढं बोलून उठलो. बाहेर आलो. वीस वर्षं मी कुणाला माझी सुखदुःखं सांगत होतो? आणि रूथ दोन हातांवर एकटी पडून होती, तिच्याकडे मी एकदाही तोंड केलं नव्हतं? त्यानंतर मी कबरस्तानात गेलो नाही. रविवारी दुपारी शाळेत बसून जुन्या पाट्या पुसत असे. इतका एकटा मी ती गेली त्या सालीही नव्हतो.

दाविदभाऊंना माती दिल्यावर आठ दिवसांनी मी मार्थाबाईंना भेटायला गेलो. क्षमा कुणाची मागायची ते कळत नव्हतं, म्हणून क्रुसावर नाव मी लिहीन एवढंच म्हणालो. त्या म्हणाल्या, "लिखा. आनि आतेपाईन सकायले तुम्हीच जात जा."

मी विचारलं, सकाळी कुठे?

मग त्यांनी सांगितलं. पूर ओसरल्यापासून दर रविवारी सकाळी, उपासनेआधी, दाविदभाऊ त्या बिननावाच्या मातीजवळ जाऊन बसत. पाऊस असो, ताप असो. "ते म्हनेत, मास्तर दुपारले एकजवळ बठस, मी सकायले दुसरीजवळ बठस. मास्तरनी बाई कोनती माटीमा शे ते देव सांगी तवय सांगी. तवलोंग ती एकटी ऱ्हावाले नको." शेवटी शेवटी काठी टेकतही जाववेना, तेव्हा त्यांनी मला बोलावणं धाडलं. "आते तठे कोन बठी, हाईच त्यासले सांगनं व्हतं. तुम्ही आयकं नहीत."

त्यांच्या दारात बसून मी रडलो. ते मन मोकळं करत आहेत असं मला वाटलं होतं. ते मला काम सोपवत होते. देवाला पाटी लागत नाही याची त्यांच्याइतकी खात्री मला अजूनही नाही. पण एवढी खात्री असलेला माणूस वीस वर्षं पहाटे उठून तिथे जाऊन बसत होता, हे कळल्यापासून पुनरुत्थानाचं वचन मला वेगळं ऐकू येतं.

आता रविवारी सकाळी मी त्यांच्या जागी बसतो आणि दुपारी माझ्या. रूथ कुठे आहे ते मला ठाऊक नाही, आणि विचारायला आता कुणी उरलं नाही. पहिल्या सकाळी त्या कोऱ्या क्रुसासमोर टोपी काढून बसलो. मग मी हळूच "रूथ" अशी हाक मारली. तिथे ती असेल तर वीस वर्षांनी तिने माझी हाक ऐकली असेल. आणि ती दुसरी असेल, तर माती मिळाल्यापासून तिला कुठल्या तरी नावाने हाक मारणारा मी पहिलाच माणूस.